उदाहरणार्थ, आई

४ सप्टेंबर

प्रिय दादा,

इतके दिवस पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. माफी फक्त उशिराची आहे, भांडणाची नाही. तू गेल्यापासून मनातल्या मनात तुला बरीच पत्रं लिहिली, पण ती टपालात पडत नाहीत.

आज लिहितेय ते कामासाठी. कोश संपत आलाय. हो, आपला तोच, शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी वाक्प्रचारांचा मराठी कोश. बाबा गेल्यावर मी तो एकटीने संपवीन असं तुला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. प्रकाशकांनी नोव्हेंबरअखेरची मुदत दिली आहे. तोवर पानं हातात पडली नाहीत तर ते दुसऱ्या कुणाचा तरी तयार कोश छापणार. फोनवर अगदी गोड बोलत होते. "ताई, तुमचं काम सोन्यासारखं आहे, पण सोनं किती वर्षं घासत बसणार?"

एकच नोंद उरली आहे. बाय लीप्स अँड बाउंड्स. अर्थ लिहून झाला: झपाट्याने, भराभर पुढे जाणे. अडलंय ते उदाहरणापाशी. बाबांचा नियम तुला आठवत असणारच, त्याच्यावरूनच तर तू गेलास. कोशातलं प्रत्येक उदाहरण खरं हवं आणि ते घरातल्या दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं हवं. एकानेच पाहिलं असेल तर ते स्वप्नही असू शकतं. आणि वाक्य ज्याच्याबद्दल, त्याची साक्ष चालत नाही. तू म्हणालास, याला कोश नाही, पंचनामा म्हणतात. तू मनाने रचलेली उदाहरणं मी एकेक करून काढली तेव्हा मला "जकात नाका" म्हणालास आणि बॅग भरलीस. आता एका कंपनीसाठी रोज ढीगभर वाक्यं रचतोस असं ऐकते. बरं चाललं असेल अशी आशा आहे. टोमणा नाही. निदान पूर्ण टोमणा नाही.

आई आणि मी महिनाभर शोधतोय. झपाट्याने पुढे गेलेलं असं आम्ही दोघींनी काय पाहिलंय? खालच्या टायरवाल्याचा धंदा? तो म्हणतो वाढला. आई म्हणते, "धंदा कसला, पाटी वाढलीय." समोरची इमारत? ती चौथ्या मजल्यावर येऊन जी बसलीय ती उठायला तयार नाही. मग आई म्हणाली, "तुझे पांढरे केस." मी म्हटलं, आई, प्रगती हवी. तर म्हणते, "अगं, तीही एक प्रकारची प्रगतीच."

तू आणि मी मिळून असं काही पाहिलं होतं का? आठवलं तर कळव.

आई बरी आहे. गुडघे बरेच सुधारले. सकाळी जरा बाहेर जाते.

तुझी,
जकात नाका

२६ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, आणि अक्षर अजूनही शेवटाकडे वर चढत जाणारं. "आपल्या घरात झपाट्याने काही झालेलं मी कधीच पाहिलेलं नाही. आई सकाळी कुठे जाते?"

पहिल्या वाक्याला उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर: फिरायला.

एवढं लिहून मी कागद दुपारभर तसाच ठेवला. ते खोटं नाही, पण खरंही नाही. आई पाण्यात फिरते. तुला सांगायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. "तो आला की आधी माझी नाडी बघेल आणि मग मला खुर्चीत बसवून ठेवेल." ताकीद सांगण्याबद्दल होती, लिहिण्याबद्दल ती काही बोलली नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. पण तू सरळ विचारलंस, आणि सरळ विचारलेल्याला वाकडं उत्तर द्यायचं मला जमत नाही.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. आपल्या मागच्या रस्त्यावर तो छपराखालचा पोहण्याचा तलाव आहे ना, तिथे सकाळी बायकांची वेळ असते. चार दिवस आई कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून गुमान चालली. पाचव्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाली, "चालायचंच होतं तर रस्ता काय वाईट होता? मला पोहायचंय."

ही कोण बोलतेय ते लक्षात घे. चेहऱ्यावर पाणी मारताना श्वास कोंडून भिंतीला धरणारी बाई. पुलावरून बस जायला लागली की आपल्या दोघांची मनगटं पकडायची, आणि तेही खिडक्या बंद असताना.

आणि आपलं घर म्हणजे आधी व्याख्या, मग कृती. बाबांनी तुला सायकलवर बसवण्याआधी "तोल म्हणजे काय" यावर अख्खी संध्याकाळ घेतली होती. त्याच चालीवर आईने कुठून तरी पोहण्याचं एक जुनं पुस्तक पैदा केलं. ती लाकडी स्टुलावर पालथी पडायची आणि मी वाचायचं. वाचायचं तेही मुद्रितं तपासताना आपण वाचतो तसंच, विरामचिन्हांसकट. "हात पुढे, स्वल्पविराम, हात बाजूला, स्वल्पविराम, डोकं वर, श्वास, पूर्णविराम." आई बेडकासारखे हातपाय ताणायची आणि पूर्णविरामाला श्वास घ्यायची. स्टुलावर ती आठवड्याभरात तरबेज झाली.

पाण्यात उतरली, दोन हात मारले आणि उभी राहिली. तिथल्या शिक्षिका कायम गळ्यात शिट्टी घालून असतात, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. त्यांनी विचारलं, "आजी, का थांबलात?"

आई म्हणाली, "पुढचं वाक्य आलं नाही."

तेव्हापासून मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पुस्तक घेऊन काठाकाठाने चालते आणि मोठ्याने वाचते. शिट्टीबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय. कुणाला फळी लावली, कुणाला रबरी टायर लावला. मुलगी लावलेली पहिल्यांदाच बघतेय."

एवढं करून प्रगती काय, तर गोगलगाईनेही मागे वळून हसावं. चेहरा अजून पाण्यात जात नाही. तलावाची रुंदीसुद्धा पार होत नाही. मी घसा खरवडतेय, ती पाणी खरवडतेय. तेव्हा काळजी करू नकोस. बुडण्याइतकं लांब ती जातच नाही.

तुझी,
ज. ना.

१७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

उदाहरण सापडलं!

मला घाई करायची नाही, म्हणून क्रमाने लिहिते. मधले दोन आठवडे काहीच घडलं नाही. म्हणजे रोज पाण्यात जायचं, रोज वाचायचं, रोज तेच चार हात. मी तर पुस्तकच चुकीचं असेल असं धरून चालले होते. मग मला सर्दी झाली, आवाज बसला, तरी मी काठावर घोगऱ्या आवाजात वाचत राहिले. त्याच आठवड्यात एके दिवशी आईने चेहरा पाण्यात घातला आणि ती सरळ पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली. मी अर्ध्या वाक्यात होते. तीन दिवसांनी तलावाची लांबी, आणि काल लांबीची परतीची फेरीसुद्धा. शिट्टीबाई शिट्टी तोंडात धरून तशाच उभ्या, वाजवायची विसरल्या. बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "तोंड मीट, पाणी जाईल."

शिट्टीबाई म्हणाल्या, "आजी, तुमची गाडी एकदम कुठून सुटली?" आणि मला आपली नोंद समोर उभी दिसली. घरी येऊन लिहिलं: "आमच्या आईच्या पोहण्यात झपाट्याने प्रगती झाली."

वापरही अगदी चोख बसतो. मुलं परीक्षेत "तो बाय लीप्स अँड बाउंड्स धावला" असं लिहितात, ते चूक. एकदा धावणं, एकदा उडी मारणं याला हा वाक्प्रचार लागत नाही. वाढ हवी, सुधारणा हवी, आधी आणि नंतर हवं. आईचं आधी तू चाळीस वर्षं पाहिलंयस. नंतरचं मी पाहतेय. दोन साक्षी झाल्या. कार्ड सोबत पाठवतेय. माझ्या सहीखाली तुझी सही करून पाठव, म्हणजे कोश पुरा.

एक गोष्ट मात्र खुपतेय. पुढच्या महिन्यात तलावावर सत्तरीपुढच्या बायकांची शर्यत आहे. आईने नाव दिलं. ते ऐकल्यावर मला आधी आनंद झाला आणि मग शंका आली की हा आनंद आईसाठी की उदाहरणासाठी? आईला मी कोशासाठी पाण्यात लोटतेय का? तिलाच विचारलं. ती केस पुसत होती.

"मी तुझ्या कोशासाठी पोहत नाही गं. तुझाच कोश माझ्यासाठी थांबलाय. थांबू दे. त्याला कुठे गुडघे आहेत?"

सही लवकर पाठव.

तुझी,
जकात

५ नोव्हेंबर

प्रिय दादा,

कार्ड परत आलं. सहीच्या जागी तुझी ओळ: "आईला पोहता येत नाही. खोटी उदाहरणं तूही रचायला लागलीस का?"

मी चिडायला हवं होतं. खुर्ची ओढून बसलेही चिडायला. आणि मग लक्षात आलं की तू नियम पाळतोयस! आधीचं पाहिलंय, नंतरचं पाहिलेलं नाही, म्हणून सही नाही. बाबांनी अगदी हेच केलं असतं, फक्त एवढं उद्धट लिहिलं नसतं. मी निम्म्याच साक्षीवर तुझी सही मागत होते, आणि ते तू माझ्या पदरात घातलंस. चूक माझी. मान्य.

आईला कार्ड दाखवलं. म्हणजे तुला सगळं लिहिल्याचंही कबूल करावं लागलं. ती माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा सगळा राग तुझ्या ओळीवर गेला. तीनदा वाचली. "पोहता येत नाही म्हणतो? याला बोलव."

"तो येणार नाही, आई."

"मग लिही त्याला. आई म्हणते, येऊन बघ, नाहीतर तुझ्या त्या कंपनीत जाऊन बस नि रच वाक्यं. 'आई म्हणते' हे अवतरणात घाल, नाहीतर त्याला वाटेल तूच म्हणतेस."

घातलं. शर्यत बावीस तारखेला, सकाळी. दोन फेऱ्या, म्हणजे एकदा जायचं आणि एकदा यायचं. चार जणी आहेत. त्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या लहानपणापासून पोहतात आणि पाण्यात माशासारख्या दिसतात. जिंकायचं तर त्याच जिंकतील. मला भीती त्याची नाहीच. शर्यतीत काठावर कुणालाही उभं राहू देत नाहीत. म्हणजे मी वाचायला नसणार. मधेच पुढचं वाक्य आलं नाही तर? खोल बाजूला?

तू आलास तर साक्ष होईल आणि कोश पुरा होईल. तू आला नाहीस तर मी ती नोंद कोऱ्या उदाहरणाने पाठवीन. नियम मोडणार नाही. प्रकाशक घेतील की नाही ते मग बघू. एवढंच सांगायचं होतं. आणि ये, हेही.

तुझी बहीण

२४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू तिथे होतास, तरी लिहितेय. बाबांची पद्धत आहे: दोन्ही साक्षीदारांनी आपापली हकिकत वेगवेगळी लिहायची आणि मग ताडून पाहायची. तू स्टेशनवर जाता जाता म्हणालास, "तुझी पाठव, मी माझी पाठवतो." म्हणून ही माझी.

आई तिसऱ्या पट्ट्यात होती, डोक्यावर ती लाल टोपी. सिस्टर दुसऱ्यात. मला शिट्टीबाईंनी पायऱ्यांवर शेवटच्या रांगेत बसवलं होतं. तू कधी आलास ते मी पाहिलं नाही. शिट्टी वाजली, चौघी निघाल्या, आई सिस्टरना बघून किंचित उशिरा, आणि ती जेमतेम दहा हात गेली असेल तोच माझ्यातून आपोआप आवाज निघाला. "हात पुढे, स्वल्पविराम!" पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. मी ओरडतच राहिले. आणि मग उजवीकडून, वरच्या बाजूने, दुसरा आवाज आला. "श्वास! पूर्णविराम!" मी वळले तर तू, बॅग काखेत, कठड्याला धरून उभा, घामाघूम. आपण दोघं मिळून विरामचिन्हं ओरडत होतो, दादा. एवढा मोठा तलाव आणि आपलंच मुद्रितवाचन चाललेलं.

सिस्टर पहिल्या आल्या. आई दुसरी. दुसरी! टाळ्या सुरू झाल्या, शिट्टी वाजली, बाकीच्या दोघी पोचल्या, कठडा धरून धापा टाकायला लागल्या. आणि आईने भिंतीला पाय लावला, वळली आणि पुन्हा निघाली.

शिट्टीबाईंनी परत शिट्टी वाजवली. मग लांब वाजवली. मग "आजी, झालं!" म्हणून ओरडल्या. आई आपली संथपणे, एकेक हात पसरत, खोल बाजूला चाललेली. कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. मग ती पलीकडच्या भिंतीला लागून परत वळली तसं हसणं थांबलं आणि लोक उभे राहिले. सिस्टरनी पाण्यातूनच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिसरी फेरी, चौथी फेरी. चौथीला अख्खी गॅलरी तिच्या हातांबरोबर टाळ्या वाजवत होती. तू रडत होतास असं मला वाटलं, पण मी ते नीट पाहिलं नाही. तुझ्या हकिकतीत असेल तर कळेल.

चौथीनंतर शिट्टीबाईंनी तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "आजी, दोनच फेऱ्या होत्या! इतकी शिट्टी वाजवली, ऐकू नाही आलं?"

आईने टोपी काढली, एका कानातून बोळा काढला, दुसऱ्यातून काढला आणि म्हणाली, "काय?"

इथून पुढचं सगळं तुझ्यासमोरच झालं, पण माझ्या बाजूने असं झालं. मी विचारलं, बोळे कधीपासून घालतेस? ती म्हणाली, "तुझा आवाज बसला होता ना, तेव्हापासून. बेडूक पद्धत मी शिकत होते आणि डराव डराव तू करत होतीस. शिवाय पाणीही जायचं. दोन्ही बंद केलं."

म्हणजे ज्या दिवशी ती पहिल्यांदा पलीकडच्या भिंतीला लागली, त्या दिवशी तिला माझा एक शब्दही ऐकू येत नव्हता. त्यानंतर सहा आठवडे मी काठावरून एका बहिऱ्या बाईला पुस्तक वाचून दाखवत होते. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? आई म्हणाली, "तुझं चालणं व्हायचं तेवढंच. दिवसभर बसून असतेस."

मला लाज वाटली नाही, हसू आलं. पण हसू ओसरल्यावर तीच शंका. झेप घेतली त्या क्षणी मी काठावर होते, तरी ती कशी झाली ते मी पाहिलंच नाही. मला वाटत होतं वाचनामुळे होतंय. मग माझी साक्ष धरायची का? तुला तिथल्या ओल्या बाकावर विचारलं. तू काय म्हणालास ते मी शब्द न बदलता लिहितेय, चुकलं तर दुरुस्त कर:

"झेप कुणाला दिसते गं? आधी माणूस इकडे असतो, मग तिकडे असतो. मधलं कुणी बघत नाही, बघण्यासारखं मधे काही नसतंच. म्हणून तर तिला झेप म्हणायचं. इकडे मी होतो, तिकडे आपण दोघं होतो. आण ते कार्ड."

आणि पेन हातात घेऊन, सही करायच्या आधी, तू माझा अर्थ खोडलास! दादा, बत्तीस वेळा तपासलेला अर्थ. तू म्हणालास, "झपाट्याने चुकलं. झपाटा म्हणजे वेग. आई आजही कासवासारखीच पोहते, बघितलंस ना? वेग नाही वाढला. पायऱ्या गळल्या." मी वाद घातला. शिट्टीबाईंना बाक पुसायचा होता, त्या आपल्या दोघांभोवती फडकं फिरवत राहिल्या. आई ओले केस घेऊन मधे बसून म्हणाली, "चालू द्या. मला चहा कोण देणार?" शेवटी मी हरले. म्हणजे पटलं. आता नोंद अशी आहे:

बाय लीप्स अँड बाउंड्स: मधल्या पायऱ्या गाळत, झेपा घेत पुढे जाणे, न दिसणारं एकदम ठळक होणे. वाढ किंवा सुधारणा यांबद्दलच वापरतात. उदा. आमच्या आईचं पोहणं तीन महिन्यांत झेपा घेत पुढे गेलं.

खाली दोन सह्या. तुझ्या सहीवर टोपीतलं पाणी पडून शाई थोडी पसरली आहे, पण वाचता येते.

पानं काल दुपारी प्रकाशकांकडे स्वतः नेऊन दिली. मुदतीच्या आत. त्यांनी शेवटचं पान उघडून उदाहरण वाचलं आणि विचारलं, "ताई, हे खरंच?" मी म्हटलं, सगळीच खरी आहेत. ते जरा वेळ पानं चाळत बसले. मग म्हणाले, हे प्रस्तावनेत लिहा, मुखपृष्ठावर लिहा, हे आधी का नाही सांगितलंत? मुखपृष्ठावर आता बाबांचं, तुझं आणि माझं अशी तीन नावं येतील. तुझी काढलेली वाक्यं निघालेलीच राहतील. नाव मात्र राहील. शेवटच्या नोंदीचा अर्थ तू लिहिलास, हे मी नाकारू शकत नाही.

आई म्हणते तिचंही नाव हवं. मी म्हटलं, आई, तू उदाहरण आहेस. ती म्हणाली, "मग सगळ्यात मोठ्या अक्षरात."

आज सकाळी ती पुन्हा तलावावर गेली होती. मी काठावर नव्हते, घरी झोपले होते, कित्येक वर्षांनी इतक्या उशिरापर्यंत. परत आली आणि दारातूनच म्हणाली की शर्यतीत चार फेऱ्यांनंतर दमायला झालंच नव्हतं, उगाच बाहेर काढलं. सिस्टरही तिच्याबरोबर येणार म्हणतात.

तुझी हकिकत आली की ताडून बघते. मे महिन्यात येतो म्हणालास, तेही दोन साक्षींसमोर म्हणालास हे विसरू नकोस.

तुझी,
जकात नाका

ता. क. माझं उद्याचं काम: आठ फेऱ्यांची शर्यत कुठे भरते, हे शिट्टीबाईंना विचारणे.